अनुमोदक: ऊना पेट्री

सेंट नीनियन चर्चचा हॉल, त्यामागचं स्वयंपाकघर आणि बाजूची दगडी बोळकांडी पाडून त्या जागी अकरा मजली इमारत उभी करण्याचा ठराव फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी, एकमताने मंजूर झाला. सूचक रॉस ड्रिनन, अनुमोदक ऊना पेट्री. आता हे झालंच नाही असं समजून पुढे जाऊ. ऊना तरी तसंच समजून चालली होती. एक वाजून चौदा मिनिटांनी ती त्याच स्वयंपाकघरात, म्हणजे कागदावर दोन मिनिटांपूर्वी पाडून झालेल्या स्वयंपाकघरात, बाह्या सारून कप विसळत होती, आणि तिचा उजवा हात गरम पाण्यात असा निवांत बुडून बसला होता की जणू त्याने जन्मात कधी कशाला अनुमोदन दिलेलं नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. बावन्न वर्षं आपल्याच खांद्याला लटकलेला हात. पण मघाशी तो कुणाला विचारून वर गेला? खिडकीबाहेर बर्फ पडत नव्हता, थांबतही नव्हता; हॅमिल्टनला फेब्रुवारीत तो नुसता हवेत उभा असतो, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या खिडकीतून, जिथून ताटं पलीकडे सरकवतात तिथून, रॉसने आपला रिकामा कप आत सरकवला. रॉस मालमत्ता समितीचा अध्यक्ष. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवल्यामुळे तो उभा राहिला की समोरच्याला उगाच पाय जुळवावेसे वाटतात. तो म्हणाला, "तू होतीस म्हणून पटकन आवरलं, ऊना. नाहीतर बसलो असतो तासभर." ऊनाने कप घेतला. कसलं आवरलं, असं विचारायला तिचं तोंड उघडलं होतं, पण ते उघडेपर्यंत उत्तर तिचं तिलाच मिळालं होतं.

झालं होतं ते एवढंच. वार्षिक सभा प्रार्थनेनंतर त्याच हॉलमध्ये असते, अंड्याचे सँडविच आणि खजुराच्या वड्या खाऊन. अहवाल आधीच छापून वाटलेले असतात, ते 'वाचले असं धरण्यात येतं', म्हणजे कुणीही वाचलेले नसतात. मग कुणीतरी ठराव मांडतं, मग शांतता पडते, आणि त्या शांततेत ऊनाचा हात वर जातो. बावीस वर्षं जातो आहे. हे तिचं वतन होतं, आणि वतन बापाकडून आलेलं. आर्ची पेट्री एकतीस वर्षं या चर्चचा बिनपगारी अनुमोदक होता. तो म्हणायचा, सभा म्हणजे गोठ्यातली म्हैस, तिला कुणीतरी मागून ढकलल्याशिवाय ती घरी जात नाही. मांडणारे शंभर भेटतील, ढकलणारा एकच. तो गेला त्या हिवाळ्यानंतरच्या सभेत ऊना चुकून त्याच्या खुर्चीत बसली होती, चुकून म्हणजे बाकीच्या खुर्च्या गळक्या छपराखाली भिजल्या होत्या म्हणून, आणि पहिल्याच ठरावानंतर सगळ्या माना सवयीने त्या खुर्चीकडे वळल्या. तीस-चाळीस माना, सगळ्या सभ्य, सगळ्यांना जेवायला घरी जायचं होतं. तिने हात वर केला. त्याक्षणी काहीतरी उबदार वाटलं होतं, बापाचा कोट अंगावर घातल्यासारखं, हे तिला आता आठवलं आणि त्या उबेचीच चीड आली. त्यानंतर तिने बॉयलरला अनुमोदन दिलं, नव्या भजनपुस्तकांना दिलं, जुनी भजनपुस्तकं न टाकण्याला दिलं, गळक्या छपराखाली ठेवायच्या बादलीला दिलं. त्या बादलीवर पितळी पट्टी आहे, 'कै. ह्यू आणि फ्लोरा टॉड यांच्या प्रेमळ स्मरणार्थ'. इथे कुणी खिळा जरी दिला तरी त्यावर पट्टी लागते. टॉड दांपत्य वीस वर्षं पावसाचं पाणी झेलतं आहे.

त्या रविवारी रॉस ठराव वाचत होता तेव्हा ऊना पर्समध्ये हात घालून शेगडीच्या, आच लावायच्या-विझवायच्या, गोल खुंट्या मोजत होती. चार. घरातल्या शेगडीच्या चारही खुंट्या ती बाहेर पडताना काढून पर्समध्ये टाकते, कारण आई शेगडी पेटवते आणि मग शेगडी हा काय प्रकार आहे ते विसरते. चार होत्या. तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्यातच कुठेतरी वरती रॉसचं वाक्य संपलं, शांतता पडली, आणि हात गेला. खुंट्या मोजणारा हात डावा होता. उजवा मोकळा होता. सगळा गुन्हा या मोकळेपणाचा.

हे स्वयंपाकघर गेलं तर काय जाणार होतं हे ऊनाला कागदाशिवाय माहीत होतं. तिची आई इसोबेल ब्याऐंशी वर्षांची आहे आणि गेली तीन वर्षं ती ऊनाला ओळखत नाही. ओळखत नाही म्हणजे वाईट वागत नाही. उलट फारच चांगली वागते. घरी ती ऊनाला 'बाई' म्हणते, संस्थेकडून आलेली मदतनीस समजते, कंगवा फिरवून झाला की आभार मानते, आणि एकदा तर तिने विचारलं होतं, "तुम्हाला घरी कुणी आहे का हो? आई वगैरे?" ऊना म्हणाली, आहे. "मग तिच्याकडे बघत जा मधूनमधून," आई म्हणाली, "आम्हा म्हाताऱ्यांना बरं वाटतं." पण दर गुरुवारी सकाळी साडेनऊला ऊना तिला या स्वयंपाकघराच्या दारातून आत आणते, आई कोट काढून त्याच खुंटीला लावते, एप्रनची गाठ पाठीमागे न बघता मारते, आणि वळून म्हणते, "ऊना, मोठं पातेलं." ऊना. नावानिशी. ज्या बाईला आपल्या न्हाणीघराचं दार सापडत नाही ती चर्चच्या गुरुवारच्या जेवणाला येणाऱ्या साठ माणसांचं जवाचं सूप अंदाजाने करते आणि मीठ चुकत नाही. चाळीस वर्षं तिने हे स्वयंपाकघर चालवलं. प्रत्येक खणावर तिच्या हातच्या चिठ्ठ्या आहेत. 'फक्त चहाचे चमचे. हे वाचूनही सुपाचे ठेवणाऱ्याकडे देव बघून घेईल.' आठवड्यातले साडेतीन तास, गुरुवारी साडेनऊ ते एक, ऊनाला आई आहे. उरलेला आठवडा ती बाई असते. आणि या साडेतीन तासांना तिने, ऊना पेट्रीने, भर सभेत, हात वर करून, खजुराची वडी तोंडात असताना.

सोमवारी ती कामावर गेली आणि तिथे हे झालंच नाही असं समजणं अवघड गेलं, कारण तिचं कामच हात वर करण्याचं. ती बॅरटन स्ट्रीटवरच्या श्रवणयंत्रांच्या दुकानात कान तपासते. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानावर यंत्र लावायचं, आणि सांगायचं, आवाज आला की हात वर करा. वीस वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती की ज्यांना ऐकू येत नाही ते कधी 'ऐकू येत नाही' म्हणत नाहीत, ते 'हो' म्हणतात. जगातला अर्धा होकार बहिऱ्यांचा आहे असं तिचं मत होतं, आणि कालपर्यंत ती स्वतःला काचेच्या बाहेरची समजत होती. त्या दिवशी आलेल्या एका निवृत्त पोलाद कामगाराने आत बसल्या बसल्या हात वर करायला सुरुवात केली. ऊनाने बटणाला बोटही लावलं नव्हतं. तिने माइकमधून त्याला सांगितलं की आजोबा, मी अजून काही वाजवलेलंच नाही. तो म्हणाला, "वाजवणारच आहेस ना? मग बसून कशाला राहायचं." तिने त्याच्या कागदावर नियमाप्रमाणे 'प्रतिसाद भरवशाचा नाही' असं लिहिलं, आणि मग त्या तीन शब्दांकडे इतका वेळ बघत राहिली की म्हाताऱ्याचा हात आत दुखायला लागला. बावीस वर्षांच्या इतिवृत्तात तिच्या नावापुढे हे कुणी का लिहिलं नाही? वालेस टॉडने का नाही लिहिलं? वालेस चर्चचा चिटणीस, बादलीवाल्या टॉडांचा मुलगा, लहानपणी ऊनाच्या आईबरोबर रविवारच्या शाळेत बसलेला; तो तर सगळं लिहितो. एकदा सभेत मांजर आलं तर त्याने मांजर आल्याची आणि गेल्याची वेळ लिहिली होती. मांजराची नोंद होते, आणि एक बाई बावीस वर्षं न ऐकता हो म्हणते आहे याची होत नाही. तिला राग आला. मग राग कुणावर धरायचा ते कळेना, म्हणून तिने तो सगळ्यांवर थोडा थोडा धरला, आणि रॉसवर जास्त.

रॉसने पुढच्या इमारतीचं चित्र हॉलच्या दाराशी तिकाटण्यावर लावलं होतं. चित्रात हॅमिल्टनला कायमचा जून महिना होता. अकरा मजले, काचा, गच्च्यांवर झाडं, आणि खाली जलरंगातली माणसं चाललेली, सगळी सडपातळ, सगळ्यांचे पाय जमिनीपासून थोडे वर, एकाच्या हातात कुत्र्याची दोरी आणि कुत्रा त्याच्याहून मोठा. चर्च कोपऱ्यात होतं, लाजून उभं असल्यासारखं, पण त्याला नवं छप्पर होतं. तळमजल्यावर एका चौकोनात लिहिलं होतं, 'सामुदायिक चहा-कोपरा'. ऊनाने चित्रात आई शोधली. खरंच शोधली, नाक काचेला लावून, प्रत्येक माणूस तपासून. एकही म्हातारं नव्हतं. हातात काठी नव्हती, चाकाची गाडी नव्हती, डब्यातून सूप घरी नेणारा कुणी नव्हता. एवढ्या मोठ्या समाजात एकालाही भूक लागलेली दिसत नव्हती. रेव्हरंड बे शेजारी येऊन उभे राहिले. ते सेऊलचे, अतिशय भले, इतके भले की त्यांच्याशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्क्या मारायच्या. त्यांनी तिला समजावलं की छप्पर या वर्षी गेलं तर चर्चच जाईल, रविवारी एक्केचाळीस माणसं येतात, एक्केचाळीस माणसं छप्पर पेलू शकत नाहीत. इमारतीच्या पैशातून छप्पर होईल, दुरुस्ती होईल, आणि सेवाकार्य पुढची पन्नास वर्षं चालेल. ऊनाने विचारलं, कसलं सेवाकार्य. ते म्हणाले, उदाहरणार्थ, गुरुवारचं जेवण. ते कुठे शिजणार, तिने विचारलं. रेव्हरंड बे चित्राकडे वळले आणि बराच वेळ चहा-कोपऱ्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं दुःख आलं की ऊनालाच त्यांचं सांत्वन करावंसं वाटलं, आणि त्याचाही तिला राग आला. टोपी वाचवायला डोकं विकायचं आणि वर टोपीने विचारायचं की आता बसू कुठे.

गुरुवारी आई आली, कोट खुंटीला लागला, गाठ बसली. "ऊना, मोठं पातेलं." ऊनाने पातेलं उचललं आणि तिला ते नेहमीपेक्षा जड लागलं. स्वयंपाकघरात मोजमाप घेणारा एक माणूस आलेला होता, हातात लेझरचं यंत्र आणि केशरी चिकटपट्ट्यांचा रोल. प्रत्येक वस्तूवर तो पट्टी लावत होता: 'काढणे', 'काढणे', 'काढणे'. आईने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं की हात धुतलेस का. तो म्हणाला, मी फक्त मोजायला आलोय. "मोज की," आई म्हणाली, "बारा गाजरं मोज, आणि मग चिर." त्याने ऊनाकडे बघितलं. ऊनाने त्याला काहीही मदत केली नाही. वीस मिनिटांनी तो गाजरं चिरत होता आणि आई त्याला सांगत होती की तुकडे सारखे कर, दात नसलेली माणसंही जेवतात इथे. त्याने आपल्या आजीबद्दल काहीतरी सांगितलं, दोन वाडगे सूप प्यायला, आभार मानले आणि जाताना शेगडीवर पट्टी लावून गेला. कामाला चोख होता. आईने ती पट्टी सोलून काढली, उलटी केली, एप्रनच्या खिशातलं पेन काढलं आणि मागच्या बाजूवर सावकाश, गोल अक्षरात लिहिलं: 'डावीकडचा पुढचा बर्नर खोटं बोलतो. विझला म्हणतो, विझलेला नसतो.' आणि परत चिकटवली. मग ऊनाकडे वळून म्हणाली, "तुझ्या बापासारखी उभी राहू नकोस दारात. काय झालंय?" तीन वर्षांत तिला कुणी असं विचारलं नव्हतं. सांगावं असं तिला वाटलं, आई, मी तुझं स्वयंपाकघर पाडलं. पण ती म्हणाली की काही नाही, कांदा आहे. आई म्हणाली, "कांदे मी चिरतेय." आणि एक वाजता तिने एप्रन सोडला, कोट घातला, दाराबाहेर, बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाच्या चिखलात पाय ठेवला आणि ऊनाचा हात धरून नम्रपणे विचारलं, "बाई, आज आपल्याला कुठे जायचंय?"

त्याच दुपारी ऊना वालेस टॉडकडे गेली. आई मोटारीत बसून हातमोजे मोजत होती. वालेस सभासदांच्या वह्या ठेवायच्या छोट्या खोलीत विजेच्या शेगडीवर पाय शेकत बसला होता. एकोणऐंशी वर्षांचा, अंगात तीन स्वेटर, तिन्हींची कोपरं वेगवेगळ्या ठिकाणी फाटलेली. तिने त्याला विचारलं की दिलेलं अनुमोदन परत घेता येतं का. त्याने सांगितलं की मतदान झाल्यावर येत नाही, सांडलेलं दूध. पण मग तो थांबला, आणि त्याच्या डोळ्यांत नियम आठवणाऱ्या माणसाचा तो विशिष्ट आनंद आला.

"फेरविचार मागता येतो. वरच्या मंडळाकडे कागद जायच्या आधी. फक्त एक अट आहे, ज्याने ठरावाच्या बाजूने मत दिलं त्यानेच मागायचा. विरोधात मत देणाऱ्याला मागता येत नाही."

"म्हणजे मला येतो."

"तुलाच येतो. तू विरोध केला असतास तर हात बांधलेले असते तुझे."

म्हणजे तिच्या हाताने केलेला घोटाळा तिच्याच हाताने, आणि केवळ तो घोटाळा केला होता म्हणून, निस्तरता येणार होता. हॅमिल्टनमध्ये त्या दिवशी उणे अकरा होतं, पण ऊना मोटारीपर्यंत कोटाची बटणं उघडी टाकून गेली. त्यानंतरचे चोवीस दिवस तिने भाषण लिहिलं. लिहिलं, खोडलं, त्यात छप्पर घातलं, काढलं, रॉसला दुष्ट केलं, मग परत माणूस केलं. फोन कुणालाच केला नाही. मतं गोळा करणं तिला चोरटं वाटलं. शिवाय पेट्रींच्या घराण्यात कुणी कधी काही मांडलेलंच नव्हतं, मांडायच्या आधी काय करतात हे तिला कुठून कळणार. रात्री आईला झोपवून ती आरशासमोर हात खाली ठेवून बोलण्याचा सराव करत असे. हात खाली ठेवणं हाच अवघड भाग होता.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी, प्रार्थनेनंतर, खास सभा भरली. चौतीस माणसं, अंड्याचे सँडविच. आईकडे बसणारी शेजारीण तापाने पडली होती, म्हणून आई स्वयंपाकघरात होती, चहाच्या मोठ्या पिंपापाशी, कप लावत. ऊना उठली. पहिल्यांदाच ती उठून बोलत होती हे लोकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खुर्ची बोलायला लागावी तसे ते बघत होते. तिने सगळं सांगितलं. छप्पर गळतं हे मला माहीत आहे, बादलीला अनुमोदन मीच दिलं होतं, असं ती म्हणाली आणि थोडे लोक हसले. मग तिने सांगितलं की मी त्या दिवशी ठराव ऐकलाच नाही, आणि तुमच्यापैकीही कुणी ऐकला नसावा, कारण आपण इथे ऐकायला येत नाही, आवरायला येतो. साठ माणसं दर गुरुवारी इथे जेवतात, त्यातली चाळीस अशी की आठवड्यात त्यांना नावाने हाक मारणारं दुसरं कुणी नाही. मलाही नाही, ती म्हणाली, आणि पुढचं पान तिला दिसेना म्हणून तिने भाषणाचा शेवट तिथेच केला. "मी फेरविचाराची सूचना मांडते."

रेव्हरंड बे यांनी हलक्या आवाजात विचारलं, कुणाचं अनुमोदन?

शांतता पडली. ऊनाला ही शांतता बावीस वर्षं आतून माहीत होती; तिचा वास माहीत होता, उकडलेलं अंडं आणि ओले हातमोजे. आणि त्या शांततेत चौतीस माना, कुणाच्याही मनात काही वाईट नसताना, सवयीने, विश्वासाने, जेवायची वेळ झालेली असताना, तिच्याकडे वळल्या. तिच्या अनुमोदनाची वाट बघत. पहिल्या रांगेतल्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई तर तिला डोळ्यांनी खुणावत होत्या की अगं, कर ना हात वर. वालेसने पेन उचलून धरलं होतं. आपली सूचना आपल्याला अनुमोदता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, आणि दुसऱ्या कुणी अनुमोदन द्यायचं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं. बापाची म्हैस दारात उभी होती आणि मागे कुणी नव्हतं. रॉस हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. त्याने नंतर सांगितलं की मनातून तो द्यायला तयार होता, पण ऊनाचं काम तिच्यादेखत आपण घ्यायचं हे बरं दिसलं नसतं.

मधल्या खिडकीच्या फळीवर पळी आपटली. आई खिडकीत उभी होती, एप्रनमध्ये, हात खांद्याच्या वर. "माझं अनुमोदन," ती म्हणाली. "ऊना म्हणते ते बरोबर आहे. आणि कप आणून द्या आपापले, मी मोजलेत."

एक क्षणभर, आणि तो क्षण ऊनाने पुढे पुष्कळ वेळा वापरला, सगळं सुटलं होतं. मग वालेस टॉडने सभासदांची वही उघडली, कारण वालेस वही उघडल्याशिवाय आपलं नावही सांगत नाही. त्याने पान उलटलं. आणखी एक उलटलं. त्याचे कान लाल झाले. तो रेव्हरंड बे यांच्या कानाशी लागला, आणि रेव्हरंड बे यांचा चेहरा चहा-कोपऱ्याकडे बघताना झाला होता तसा झाला.

"काय आहे, वालेस?" ऊना म्हणाली. "मोठ्याने वाचा."

"ऊना, राहू दे."

"वाचा म्हणते ना."

त्याने वाचलं. इसोबेल पेट्री हे नाव मुख्य यादीत नाही. रविवारच्या प्रार्थनेला सलग तीन वर्षं अनुपस्थित असलेल्यांची नावं पुरवणी यादीत टाकण्यात आली आहेत. पुरवणीतल्या सभासदाला मत नाही आणि अनुमोदनही नाही. हे दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत ठरलं, अहवालाचं पान चौदा, बाब सहा, वाचला असं धरण्यात आलं. एवढं वाचून तो थांबला. पुढे एक ओळ होती. वालेसने तिच्यावर अंगठा ठेवला होता, एकोणऐंशी वर्षांचा अंगठा, पण ऊनाला ती ओळ अंगठ्याखालूनही वाचता आली. आई रविवारी येत नव्हती कारण ती प्रवचनात मोठ्याने उत्तरं द्यायला लागली होती, आणि तिला घरी ठेवू या असं ऊनानेच ठरवलं होतं. आणि मग एका रविवारी, सँडविच खाऊन, शांतता पडली असताना.

"कुणी केलं म्हणे?" आईने खिडकीतून विचारलं.

वालेसने वही मिटली. "पेट्रींपैकीच कुणीतरी असेल," आई म्हणाली, अगदी समजुतीने. "आमच्यातल्या कुणाला तरी द्यावंच लागतं. नाहीतर तुम्ही इथेच बसून राहाल." आणि तिने हात खाली घेतला आणि परत कप मोजायला लागली.

अनुमोदनाअभावी सूचना रद्द झाली. एक वाजून दहा मिनिटांनी रॉसने सभा संपवण्याची सूचना मांडली. शांतता पडली. माना वळल्या. ऊनाने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. खुर्ची लाकडी होती, बोटांची हाडं दुखली, तिला ते बरं वाटलं. एक वीस झाले. कुणीतरी खोकलं आणि सगळ्यांनी त्याच्याकडे आशेने बघितलं. दीड वाजता रेव्हरंड बे यांनी विचारलं की आपण एक छोटी प्रार्थना करू या का, केली, प्रार्थना संपली, सभा संपेना. उठून जाणं असभ्य, आणि अनुमोदन देणं ऊनाचं काम. दोन वाजल्यावर लोक एकेक करून, पाठ वाकवून, क्षमा मागत निघाले, नाट्यगृहातून मध्येच उठतात तसे. प्रत्येकाने जाताना आपला कप मात्र आत नेऊन दिला. सव्वातीनला वालेसने पेनाला टोपण लावलं आणि ऊनाजवळ येऊन थांबला. इतिवृत्तात त्याने नंतर लिहिलं आहे, 'सभा संपण्याची वेळ:', आणि पुढे काही नाही. खोटं लिहिणारा माणूस नव्हे तो. हॉलमध्ये शेवटी आई आणि ऊना दोघीच उरल्या, आणि आईने तिच्यापुढे चहा ठेवला, एक्केचाळीस वर्षांपूर्वी ती शाळेत नापास झाली होती तेव्हा ठेवला होता तसा, दोन चमचे साखर आणि न विचारता.

सोमवारी जेवणाच्या सुटीत, काचेच्या खोलीत बसून, कानावर काही न वाजणारं यंत्र लावून, ऊनाने अर्ज लिहिला. तिचं आयुष्यभराचं वळणदार हस्ताक्षर बिघडलं होतं, बोटं अजून सुजलेली होती. वालेसने तो आवक वहीत नोंदवला, क्रमांक दिला, आणि तो आजही तिथे आहे.

'प्रति, अध्यक्ष, सेंट नीनियन चर्च, हॅमिल्टन. विषय: उजव्या हाताच्या अनुपस्थितीची नोंद होण्याबाबत. महोदय, निम्नस्वाक्षरीकर्ती आपणांस कळवू इच्छिते की, गेल्या बावीस वर्षांतील वार्षिक सभांना ती स्वतः हजर असली तरी तिचा उजवा हात तिच्यासोबत नव्हता. सबब सदर सर्व इतिवृत्तांत त्याचं नाव पूर्वसूचना देऊन गैरहजर राहिलेल्यांत घालावं, आणि त्याने दिलेली अनुमोदनं, विशेषतः पान चौदा, बाब सहा, ही श्रवणदोषामुळे भरवशाची नसलेली म्हणून गणावीत. तसेच श्रीमती इसोबेल पेट्री यांनी खिडकीतून दिलेलं अनुमोदन, त्या वेळी संपूर्ण सभागृहात ठराव ऐकलेल्या त्या एकट्याच असल्यामुळे, ग्राह्य धरावं. मार्चच्या दुसऱ्या रविवारची सभा नियमानुसार अद्याप संपलेली नाही. भरलेल्या सभेखालून जमीन काढून घेण्याची तरतूद नियमांत आढळत नाही. तरी सदर सभा रीतसर संपेपर्यंत हॉल, स्वयंपाकघर व बोळकांडी यांतील एकही वीट हलवू नये, शेगडीवरील सूचना काढू नये, आणि दर गुरुवारी सकाळी साडेनऊ वाजता मागचं दार उघडून, आत येणाऱ्या व्यक्तीस आपल्या मुलीचं नाव आठवेल इतका वेळ द्यावा, ही विनंती. सूचक: ऊना पेट्री. अनुमोदक: जागा रिकामी आहे, ती भरून मिळावी.'